वडाचं सूत आणि पाण्यातलं झाड

ये माय, जवळ बस. तू बंगलोरले आहे हे मले ठाऊक आहे, तरी बस. आज तुले रागवायचं आहे, आणि मले लांबून रागावता येत नाही.

मागच्या रविवारी फोनवर तू काय म्हटलं? मी सरळ मराठीत विचारलं, झाड न्यायले कधी येते? तू आपल्या सवयीनं हिंदीत उत्तर दिलं, "मौसी, किसी को दे दो ना. मेरा तो घर का ही ठिकाना नहीं." दे दो! जसं काही जुनं स्टूल आहे, पायात येऊन राहिलं म्हणून भंगारवाल्याले द्यायचं. मी वरणाले फोडणी द्यायची आहे म्हणून फोन ठेवला. फोडणी कशाची, वरण तर सकाळीच करून झाकलेलं होतं. खरं सांगू, मले बोलायले तोंड नव्हतं. त्या झाडाची एक गोष्ट मी अडीच वर्षांपासून तुझ्यापासून लपवून ठेवली आहे. ती आज सांगते. ऐकून घे, आणि मग ठरव, द्यायचं का न्यायचं.

ज्यांले आमच्या घरचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बिलासपूरले वाढली, पहिली नोकरी लागली ती नवा रायपूरच्या एका दफ्तरात. तिथले रस्ते एवढाले रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस दिसली तर दिसली. दफ्तर जवळ म्हणून तिनं तळमजल्याची एक खोली घेतली होती. भर दुपारी लाइट लावावा लागे. तिथं तुळस नेली, ती वाळली. मनीप्लांट नेला, तो पिवळा पडला. मग एक दिवस काचेची टाकी आणली. तिच्यात पाणी, सहा बारके मासे, आणि एका काळ्या वाकड्या लाकडावर बसलेलं हे झाड. दुकानवाला त्याले अनुबियास म्हणे, आम्ही झाडच म्हणतो. आणलं तेव्हा तीन पानं होती, रुपयाएवढी. त्या अंधाऱ्या खोलीत पाच वर्षं राहिलं, आणि पान एवढं झालं की माझा पंजा त्याच्यामागं लपे.

मग तिची बदली झाली. आमच्या जुन्या रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून टाकी तोंडाशी उतरवली आणि तिथून दोघांनी उचलून आणली. तू मात्र झाड ओल्या टॉवेलात गुंडाळून स्वतः घेऊन आली होती. आठवते? ते मधल्या खोलीत ठेवलं, आणि तू मले दाखवलं, "मौसी, यह देखो, इसका कंद." मी पाहिलं. या झाडाले उभं खोड नाही. हळकुंडासारखा एक जाड हिरवा कंद लाकडावर आडवा निजलेला, वरून पानं फुटलेली, खालून मुळं लाकडाले चिकटलेली. तू म्हटलं, "इसको गाड़ना मत. बस रहने देना." आणि चप्पल घालता घालता म्हटलं, "रायपुर में मेरा यही एक है." तुझे मावसाजी तिथंच उभे होते. म्हणाले, "आणि आम्ही कोण?" तू हसली. पण मले तुझं ते वाक्य लागून गेलं. मनात म्हटलं, पोट्टीचं झाड जपायचं.

आणि मीच ते मारायले निघाली.

झालं असं की भादवा आला. आपल्याकडं महालक्ष्म्या मधल्या खोलीत बसतात, हे तुले ठाऊक आहे. दोघी बहिणी, साड्या नेसवलेल्या, समोर सोळा भाज्या आणि आंबील. आठ दिवस आधीपासून मी घर घासून राहिली होती. पितळ घासलं, पडदे धुतले, पंख्याची पाती पुसली. आणि मग माझी नजर टाकीवर गेली. पाणी चहासारखं लाल. मासे त्यातून मजेत फिरून राहिले, पण मले ते पाणी घाणच वाटलं. आणि मधोमध ते लाकूड, काळं, बुळबुळीत. मले वाटलं, देवी जेवायले बसणार, आणि तिच्या नजरेसमोर सडकं लाकूड? पाहुणी आली तरी आपण तुटका कप समोर ठेवत नाही.

तुझं वाक्य मी विसरली नव्हती, हे कबूल करते. गाड़ना मत, हे आठवत होतं. पण मनात आलं, शहरातल्या पोट्टीले कंदातलं काय समजते? माझं माहेर शेतीचं. हळद मी सात वर्षांची होती तेव्हापासून लावली. डोळा वर करायचा, चार बोटं माती ओढायची, की झालं. कंद म्हटला की तो मातीतच. उघडा राहिला तर उन्हानं हिरवा पडते. आणि याचा तर हिरवाच होता! मले वाटलं, बिचाऱ्याले कोणी मातीच दिली नाही.

तेव्हा मी लाकूड बाहेर काढलं. मुळं सुटेनात, म्हणून चाकूनं तासली. लाकूड मागं न्हाणीच्या भिंतीले टेकवून ठेवलं. टाकीतले खडे बाजूला सारून कंद छान खोल गाडला, डोळे वर करून, वरून खडे दाबले. पाणी बदललं. लख्ख दिसू लागलं. तुझे मावसाजी पाहून म्हणाले, "अवो, हे तर आता झाड दिसून राहिलं!" मले मोठा अभिमान वाटला. महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या, उठल्या. आलेल्या बायकांनी टाकीचं कौतुक केलं.

पंधरा दिवसांनी पहिलं पान तरंगलं. वाटलं, जुनं असेल. दुसरं तरंगलं. पान वरून चांगलं हिरवंगार, पण देठाचं टोक जिलेबीच्या पिठासारखं झालेलं. मग रोज एक. हात लावला की पान हातात. टाकीजवळ गेली की असा वास, जसा भाजीच्या टोपलीच्या तळाशी विसरलेल्या अद्रकाले येते.

त्याच रविवारी तुझा फोन. "मौसी, मेरा पेड़ कैसा है?"

"मस्त आहे," मी म्हटलं.

"फोटो भेजो ना."

आणि मी, साठी ओलांडलेली बाई, तुले जुना फोटो पाठवला. महालक्ष्म्यांच्या आधीचा, लाकडावरचा. तू लाल बदाम पाठवला. फोन ठेवला तर तुझे मावसाजी पेपराआडून म्हणाले, "आता मेल्या माणसाचा बी जिवंतपणीचा फोटो पाठवशील."

"काहून असं बोलता?"

"मग काय बोलू? तिले सांग आणि मोकळी हो."

सांगायची हिंमत झाली नाही. त्याऐवजी मी दुसऱ्या दिवशी सदर बाजारात गेली. सोनारांच्या दुकानांमागं एक गल्ली आहे, तिथं एक माशावाला बसते. खायच्या मासोळीवाला नव्हे, टाकीवाला. माझ्याच वयाचा असेल. चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. मी कंद डब्यात घालून नेला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यानं उघडला, हुंगला, आणि माझ्याकडं पाहिलं.

"दाई, इसको गाड़ दिया क्या?"

इकडं बाईमाणसाले मानानं दाई म्हणतात. मी मान हलवली.

"हव. सब यही करते हैं. पर इतना गहरा कोई नहीं गाड़ता."

मले हसू बी आलं आणि रडू बी. त्यानं चिमट्यानं दाबून दाखवलं. कंदाचा बराच भाग गिळगिळीत, काळा. एका टोकाले माझ्या करंगळीएवढा तुकडा मात्र टणक. म्हणाला, "इतना जिंदा है. बाकी काट दो. फिर लकड़ी पे बाँध दो और भूल जाओ. यह साँस ऊपर से लेता है दाई, मिट्टी में इसका दम घुटता है."

"आणि ऊन? उन्हात ठेवू?"

"धूप इसका दुश्मन है. बस बाँध दो, और रोज रोज हाथ मत लगाना."

घरी आली. चाकूनं चिरडला जाईल म्हणून अडकित्ता घेतला. मावसाजींचा सुपारीचा, आधी उकळत्या पाण्यातून काढला. टच्च करून कापला तर आतून पांढराशुभ्र निघाला, नव्या अद्रकासारखा. तो पांढरा रंग पाहून मले फार बरं वाटलं.

मग लाकूड आणलं न्हाणीमागून. महिनाभर वाळलेलं. पाण्यात टाकलं तर तरंगून वर! दाबलं, पुन्हा वर. शेवटी पाट्यावरचा वरवंटा आणून त्याच्यावर ठेवला, तेव्हा राहिलं तळाशी. मावसाजी चहाचा कप घेऊन आले, वाकून पाहिलं, म्हणाले, "आज चटणी मासे वाटून राहिले का?" पंधरा दिवस वरवंटा टाकीत होता, आणि आम्ही पंधरा दिवस मिक्सरची चटणी खाल्ली. ते रोज कुरकुरत. कंद तेवढे दिवस एका काचेच्या बरणीत, टाकीच्याच पाण्यात.

लाकूड पाणी पिऊन जड झालं, मग बांधायचा प्रश्न. दोरा पाहिला, तो मशीनचा, पक्का, कंदाले कापेल. तेव्हा देवघरात वटपौर्णिमेचं उरलेलं सूत दिसलं. कच्चं, मऊ, पांढरं. वडाले सात फेरे झाल्यावर थोडी गुंडी दरवर्षी उरते आणि मी ती ठेवून देते. त्यानं कंद लाकडाले बांधला. फेरे मोजले नाहीत, पण सवयीनं सात झाले असतील.

"अवो, माझे सात जन्म तिथं बांधून राहिली काय?" मावसाजी.

"तुमचे पक्के आहेत. हे उरलेलं सूत आहे."

"म्हणजे उरलेल्यात माझी सुटका नाही!"

मी हसली, आणि बांधलेलं लाकूड टाकीत सोडलं. करंगळीएवढा तुकडा, एकही पान नाही. टाकीत कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बाईनं लाकडाले लाकूड बांधलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. दिवाळी गेली. काही नाही. टाकीवरची बारकी ट्यूब मी संध्याकाळी लावायची, जेवणाच्या आधी बंद करायची. मधल्या खोलीत खिडकी नाही, बाकी वेळ अंधारच. दर रविवारी तू विचारी, आणि दर रविवारी मी म्हणे, मस्त आहे. मग तू विचारणं कमी केलं. मले त्याचंही वाईट वाटलं आणि सुटकाही वाटली. संक्रांत आली. हळदी-कुंकवाले आलेल्या एका बाईनं विचारलं, "ताई, टाकीत नुसतं लाकूडच?" मी म्हटलं, हो, मासे त्याच्यामागं लपतात.

खोटं बोलायची मले सवय नव्हती, पण त्या हिवाळ्यात ती लागली.

मग फाल्गुन. सकाळी माशांले खाणं टाकायले वाकली. लाकडाच्या बगलेत काही तरी चमकलं. वाटलं, माशाचा खवला. चष्मा आणला. सुताच्या दोन फेऱ्यांमधून, जिथं कंदाचा डोळा होता तिथून, एक हिरवी सुई निघाली होती. तांदळाच्या दाण्याएवढी, गुंडाळलेली, इतकी कोवळी की तिच्यातून उजेड पार जाऊन राहिला होता.

मी ओरडली. मावसाजी दाढीचा साबण तसाच लावून आले. दोघं खाली बसलो, काचेले नाक लावून. साबण काचेले लागला, तो त्यांनी बाहीनं पुसला.

तू विचार कर माय. माती नाही. ऊन नाही. पान नाही की श्वास घ्यावा. पाच महिने तो तुकडा तिथं नुसता पडून होता. कुठून आणलं त्यानं? त्या करंगळीत किती साठवलं होतं, आणि खर्च करायची त्याले एवढी घाई नव्हती. मी हळद लावली, अद्रक लावलं, आयुष्यभर मातीतून कोंब येताना पाहिले. पण तेव्हा माती झाकून ठेवते, आपल्याले दिसते ते नंतरचं. इथं काहीच झाकलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर, काचेपलीकडं, एक जीव उघड्यावर ठरवून राहिला होता की आता निघायचं.

पान उलगडायले तेरा दिवस लागले. मी रोज पाहिलं. आधी पिवळसर, मग पोपटी, मग गडद. दुसरं पान महिन्यानं. तिसरं त्याच्या पुढच्या महिन्यानं. उन्हाळा आला तेव्हा पाणी कोमट होऊ लागलं, तर मी फ्रीजरमधली पाण्याची बाटली टाकीत तरंगवून ठेवायची. मासे तिच्याभोवती गोळा होत, आपण कूलरसमोर बसतो तसे.

आणि एक गंमत सांगू? ते झाड चालते. खरंच. कंदाचं पुढचं टोक लाकडावर पुढं सरकते, मागं जुन्या पानांच्या खुणा राहतात, बांगड्यांच्या वळांसारख्या. वर्षाले माझी दोन बोटं. लाकडाच्या वाकड्या जागेशी आलं तेव्हा मावसाजी म्हणाले, आता पडते. नाही पडलं. वळणावरून वळून गेलं. पांढरी मुळं सोडली, ती पाण्यात लोंबत राहिली, लाकडाले हात लागला तशी घट्ट धरून बसली. एक दिवस पाहिलं तर सूत नव्हतं. विरघळून गेलं होतं, कधी ते कळलंच नाही. मी भीत भीत बोटानं हलवून पाहिलं. हललं नाही. त्याचं त्यानं धरलं होतं.

तेव्हाच तुले सांगायले पाहिजे होतं. पण मले वाटलं, पानं तुझ्या वेळेएवढी होऊ दे, मग सांगते. आता सोळा आहेत. सगळ्यात मोठ्यामागं माझा पंजा लपते. परवाच हात धरून पाहिला.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायले बसली ते. तुझ्या त्या फोनच्या दोन दिवसांनंतर, मंगळवारी, मी टाकीची काच पुसून राहिली होती. पानांच्या मधून एक वेगळाच देठ वर आलेला. टोकाले एक बंद कळी, मिटलेल्या पणतीसारखी. बुधवारी ती उघडली. पाण्याच्या आत! मागं एक फिकट हिरवी पाकळी वळलेली, आणि मधे एक पांढरा दांडा, दुधात बुडवून काढल्यासारखा. बाजूनं मासे चाललेले, त्यांच्या शेपटीच्या वाऱ्यानं ते हलते.

मी सदर बाजारच्या माशावाल्याले फोन केला. त्याले विश्वास बसेना. दुकान बंद करून आला. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, टाकीसमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "दाई, बेचा बहुत, फूल कम देखा. यह वही टुकड़ा है?"

"तोच."

"जिसको तुमने गाड़ा था?"

"तोच म्हटलं ना! आणखी किती वेळा बोलशील?"

हसला. म्हणाला, पाण्यातलं फूल आहे, महिनाभर राहील, कदाचित जास्त. जाताना त्यानं कंदाकडं बोट दाखवलं, "अब इसके दो हो सकते हैं. बीच से काटो तो." मी म्हटलं, माझा हात नाही लागणार. ज्याचं झाड आहे त्याच्या हातानंच होईल.

तर हे आहे. तुझं झाड मी मारलं होतं, अर्धं नाही, जवळजवळ सगळंच. आणि अडीच वर्षं तुझ्याशी खोटं बोलली. रागवायचं असेल तर रागव, पण इथं येऊन. तू म्हणते तुझ्या घराचा ठिकाणा नाही. मी काय सांगणार, मी तर ज्याले कधीच माती लागत नव्हती त्याले माती द्यायले निघाली होती. मले एवढंच दिसते की ते कोणाले द्यायचं नाही.

अडकित्ता मी उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवला आहे. वटपौर्णिमेच्या सुताची गुंडी बी त्याच्याजवळच आहे. मावसाजींनी सुपारी बंद केली, म्हणजे अडकित्ता मोकळा आहे म्हणतात. खरं म्हणजे तुझ्यासाठी अडवून ठेवला आहे. पहिला काप तू मार. पुढचं टोक तू ने, मागचं माझ्याकडं राहू दे. बंगलोरले एखादं लाकूड मिळेलच. नाही मिळालं तर न्हाणीमागं अजून एक आहे, आतापासून भिजत टाकते.

फुलाले पाच दिवस झाले. महिना म्हणता म्हणता जाते. रजा मिळत नाही असं सांगू नको. शुक्रवारी निघ, शनिवारी सकाळी पोहोच. गल्लीच्या तोंडाशी मावसाजी उभे राहतील. वरणाले फोडणी मी तू आल्यावरच देते. ये लवकर.